'उद्या' आहे का?

पुस्तकाच्या दुकानात शिरणारा मराठी माणूस पहिलंच वाक्य खोटं बोलतो. "काहीतरी नवीन दाखवा," असं तो म्हणतो, आणि अर्ध्या तासानं 'मृत्युंजय' घेऊन बाहेर पडतो. 'मृत्युंजय' १९६७ साली आलं. तेव्हा जन्मलेली मुलं आता निवृत्तीला टेकली आहेत, पण पुस्तक मात्र अजून 'नवीन'मध्येच मोडतं. आपल्याकडे नवीन पुस्तक म्हणजे जे घरात आहे की नाही हे नक्की आठवत नाही, असं पुस्तक.

हा सिद्धान्त माझा नाही, अण्णांचा आहे. सांगलीत गणपती पेठेजवळच्या एका बोळात त्यांचं दुकान आहे. दहा बाय बाराचं, पण त्याचे दोन प्रांत आहेत. पुढच्या प्रांतात गाइडं, वह्या आणि स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं. मागच्या प्रांतात, एका कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, मराठी साहित्य. "पुढचं दुकान मागच्याला पोसतं," असं अण्णा सांगतात. तलाठी भरतीची जाहिरात निघाली, की त्यांच्याकडे मराठी कवितेला बरे दिवस येतात. पुढच्या प्रांतातल्या चार गठ्ठ्यांवर मागच्यात एक कवितासंग्रह, असं साधारण प्रमाण आहे. कवींनी खरं तर परीक्षार्थींचे जाहीर आभार मानायला हवेत. पण दोघांची गाठ पडत नाही. परीक्षार्थी पंख्यापर्यंत येत नाहीत आणि कवी पंख्याखालून हलत नाहीत.

मी बँकेतून निवृत्त झालो, तेव्हापासून माझी संध्याकाळ याच पंख्याखाली जाते. घरी 'वाचायला जातो' म्हणून सांगतो. प्रत्यक्षात मी तिथे ऐकायला जातो. कारण अण्णांचं पुस्तक सुचवणं हा ऐकण्याचा विषय आहे. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावातल्या दुकानदारात थोडा नट असणारच.

अण्णांची पहिली पद्धत म्हणजे न सुचवणं. गिऱ्हाइकानं पुस्तक उचललं, की ते चष्म्याच्या वरून बघतात आणि म्हणतात, "ते तुमच्यासाठी नाही." एवढंच. हे ऐकून जगातला कोणताही माणूस ते पुस्तक घेतल्याशिवाय राहत नाही. हा धंद्याचा डाव आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्यानं असंच हट्टानं घेतलेलं समीक्षेचं पुस्तक चार दिवसांत परत आणलं. अण्णांनी ते परत घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "सांगितलं होतं की."

दुसरी पद्धत उलटतपासणीची. "याआधी काय वाचलंत? अर्धवट काय सोडलंत? कितव्या पानावर?" सोडलेल्या पानावर अण्णांचा फार भर. शंभराच्या आत सोडणारा आणि दोनशेनंतर सोडणारा या दोन वेगळ्या जाती आहेत, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याला पुस्तक आवडलेलं नसतं. दुसऱ्याच्या घरी पाहुणे आलेले असतात.

स्वतः अण्णा पुस्तक उभ्यानं वाचतात. पहिली दहा पानं, मधली दहा आणि शेवटची चार. शितावरून भाताची परीक्षा, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "शितावरून शिजलाय का ते कळतं. तळाला लागलाय का ते कळायला शेवटची चार पानं बघावी लागतात."

त्यांच्या कौतुकाचं मोजमापही समजून घ्यावं लागतं. "बरं आहे," असं अण्णा म्हणाले, की पुस्तक उत्तम आहे. "वाचा की," म्हणाले, तर ठीकठाक. आणि "फार सुरेख लिहिलंय हो," असं मोठ्यानं म्हणाले, की ओळखावं, लेखक दुकानात उभे आहेत.

लेखक दुकानात येतात, हा या धंद्यातला सगळ्यात नाजूक भाग. प्रसिद्ध लेखक येऊन जातात. नवोदित येऊन थांबतात. एक कवी दर शनिवारी येतात. फळीवरची पुस्तकं चाळल्यासारखं करतात आणि जाताना तळातला स्वतःचा संग्रह सगळ्यांच्या वर ठेवून जातात. त्यानंतर अर्ध्या तासानं दुसरे एक कवी येतात आणि तेच करतात. आठ वाजता दुकान बंद करताना अण्णा दोघांनाही खाली घालतात आणि वर 'ययाती' ठेवतात. "खांडेकर येत नाहीत आता हलवायला," एवढंच बोलतात.

या सगळ्यातून नवीन, म्हणजे खरोखर नवीन, पुस्तक विकणं किती कठीण असेल, याची कल्पना करा. हजाराची आवृत्ती ही जुनी रीत. आता पाचशे, तीनशे प्रती काढूनही प्रकाशक देव पाण्यात ठेवतात. गिऱ्हाईक आधी मोबाइल काढून तिथे किती स्वस्त आहे ते दाखवतं. मग दहा टक्के मागतं. मग "जीएसटी किती?" म्हणून विचारतं. पुस्तकावर जीएसटी नाही, हे कळल्यावर त्याला आनंद होण्याऐवजी संशय येतो. फुकटचं काही मिळतंय, म्हणजे मालात खोट असणार. आणि हे सगळं झाल्यावर, "लग्नात द्यायचंय हो, तीनशेपर्यंत बसवा," म्हणतं. पुस्तक कुठलं ते नाही, तीनशेपर्यंतचं. भडंगसुद्धा माणूस इतक्या बेफिकिरीनं घेत नाही. तिथे निदान तिखट की कमी तिखट, एवढं तरी विचारतो.

अशा रणात अण्णा नवी पुस्तकं पेरतात. प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' ही कादंबरी, जिला २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, दुकानात आली त्याच आठवड्यात एक आजी गणपतीच्या देवळातून थेट आल्या. नाव वाचून त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "उजव्या सोंडेचं फार कडक असतं म्हणतात. सोवळंओवळं पाळावं लागेल का?" अण्णा म्हणाले, "कादंबरी आहे, आजी. कडक आहे, पण सोवळ्यातली नाही." आजींनी घेतली. पुढच्या संकष्टीला आल्या आणि म्हणाल्या, "देव नाही त्यात. पण देव करून बसवलेली माणसं बरीच आहेत." मी हे वाक्य घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. एवढी नेमकी समीक्षा मी त्या पंख्याखाली आजवर ऐकलेली नाही आणि तिथे समीक्षक रोज असतात.

दुधाचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ म्हशीचं दूध वाढवण्याचं पुस्तक मागायला आले. ते पुढच्या प्रांतात होतं. अण्णांनी त्यांना तेही दिलं आणि वर कृष्णात खोतांचं 'रिंगाण' हातावर ठेवलं. धरणानं उठवलेली माणसं आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस यांची ही कादंबरी; २०२३चा अकादमी पुरस्कार तिला. पंधरवड्यानं गृहस्थ परत आले. अण्णांनी विचारलं, "काय, वाढलं का दूध?" ते म्हणाले, "दूध हाय तेवढंच हाय. पण आता तिला दावं लावताना जरा अवघडल्यासारखं होतंय." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "असलंच आणखी हाय का?" अण्णांनी नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' काढली. "हा आपल्या जतकडचा पोरगा. घ्या की."

कधी कधी मात्र पुस्तक न सुचवता विकलं जातं आणि त्याचा अण्णांना त्रास होतो. २०२५च्या फेब्रुवारीत 'छावा' सिनेमा आला आणि दुकानात रांग लागली. "पिक्चरवरून निघालेलं ते नवीन पुस्तक द्या," असं एका तरुणानं सांगितलं. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ची. अण्णांनी त्याला शांतपणे समजावलं, की बाबा, पिक्चर पुस्तकावरून निघालाय. तरुण म्हणाला, "म्हणजे ह्यात पिक्चरपेक्षा जास्त आहे?" अण्णांनी जाडी दाखवली. तरुणानं ती बोटांनी मापली, थोडा विचार केला आणि विचारलं, "पार्ट टू पण ह्यातच आहे का?"

असाच दुसरा प्रसंग २०२१च्या मार्चमधला. तो जरा सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात माझाही थोडा वाटा आहे.

नंदा खरे यांच्या 'उद्या' या कादंबरीला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि आपण पुरस्कार घेणं केव्हाच थांबवलंय, असं सांगून खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. आपल्याकडे पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाला मागणी येते. पुरस्कार नाकारलेल्याला झुंबड उडते. मास्क लावलेली माणसं दुकानासमोर उभी. मास्कमुळे आधीच अर्धं ऐकू येत नव्हतं.

"'उद्या' आहे का?"

"आज नाही."

"मग उद्या?"

"'उद्या' नाहीच."

"म्हणजे दुकान बंद?"

"दुकान चालू आहे. 'उद्या' संपलंय."

"मग कधी येईल?"

"परवा."

गिऱ्हाईक 'परवा' नावाचंही एक पुस्तक आहे की काय, अशा चेहऱ्यानं निघून गेलं. त्या गोंधळात, पुस्तकाचं महत्त्व लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी होती. ती मी घेतली. पंख्याखालून पुढे येऊन मी सांगितलं, की ही कादंबरी २०१४ची, येऊ घातलेल्या काळावरची, यंत्रांच्या आणि पैशाच्या मुठीत गेलेल्या माणसांची आहे वगैरे. एक परीक्षण मी नीट वाचलेलं होतं. कुणीतरी विचारलं, "तुम्ही वाचलीय?" मी म्हणालो, "कधीच!" या शब्दाचा मराठीत दोन्ही बाजूंनी अर्थ लागतो, हे त्या क्षणी माझ्या उपयोगी पडलं. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सुट्टे पैसे मोजायला घेतले.

असो. गेल्या वर्षी माझी भाची अमेरिकेतून आली. तिला मी दुकानात नेलं. तिनं सांगितलं, की तिकडच्या छोट्या दुकानांत प्रत्येक आवडत्या पुस्तकाखाली विकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी लावलेली असते: हे का वाचावं, मला का आवडलं. शिवाय तिथल्या स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांची संघटना दर महिन्याला 'इंडी नेक्स्ट' नावाची यादी काढते. देशभरचे दुकानदार आपापली नवी आवडती पुस्तकं कळवतात आणि त्यातून यादी होते. जपानात तर २००४पासून पुस्तकांच्या दुकानांत काम करणारी माणसंच मतदान करून पुरस्कार देतात. पहिला मिळाला योको ओगावा यांच्या, गणिताच्या एका विसराळू प्राध्यापकावरच्या कादंबरीला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "स्वतंत्र पुस्तकविक्रेता म्हणजे कोण?"

"म्हणजे ज्याचं स्वतःचं दुकान आहे, कुठल्या साखळीतलं नाही. तुम्ही!" भाची म्हणाली.

"मी स्वतंत्र?" अण्णांनी वर बोट दाखवलं. वरच्या मजल्यावर घरमालक राहतात. मग फोनकडे दाखवलं. त्यात प्रकाशकांच्या थकलेल्या बिलांचे निरोप होते. "आणि मतदान म्हणजे मी आणि हा पोरगा. एकमत व्हायचं नाही. त्याला भुताची आवडतात."

पण भाचीचा उत्साह दांडगा. तिनं रंगीत कागद आणला, कापून चिठ्ठ्या केल्या आणि अण्णांच्या हातात पेन दिलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा फळ्यांवर चाळीसेक चिठ्ठ्या लागल्या होत्या. मी वाचत सुटलो.

'बरं आहे.'

'बरं आहे. पान ८० पर्यंत धीर धरावा.'

'घेऊ नये असं नाही.'

'लेखक ओळखीचे आहेत.'

'वाचून जावयास देऊ नये.'

'विनोदी, असे प्रकाशक म्हणतात.'

पहिल्या दिवसाचा खप बघून आम्ही चाट पडलो. 'जावयास देऊ नये'च्या सगळ्या प्रती दुपारपर्यंत संपल्या. चार सासऱ्यांनी नेल्या आणि एका जावयानं. 'बरं आहे'ला कुणी हात लावला नाही. अण्णांच्या भाषेत ती सर्वोच्च पदवी आहे, हे आम्हा पंख्याखालच्यांनाच ठाऊक. शनिवारचे कवी शनिवारची वाट न बघता मंगळवारीच आले. आपल्या संग्रहाखाली चिठ्ठी नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्या कवींच्या संग्रहाखाली चिठ्ठी होती, म्हणून ते अधिक दुखावले. ती वाचल्यावर मात्र त्यांचं समाधान झालं. मग दुसरे कवी आले.

चौथ्या दिवशी वीज गेली आणि आली. आली ती पंख्यासकट, पूर्ण वेगात. टेप कोरड्या पडलेल्या चिठ्ठ्या दुकानभर उडाल्या. पोरग्यानं त्या गोळा करून जिथे मोकळी जागा दिसली तिथे चिकटवल्या. त्या संध्याकाळी एका संतचरित्राखाली 'तिसऱ्या खुनानंतर रंगत जाते' अशी चिठ्ठी होती. फराळाच्या पुस्तकाखाली 'दुर्बोध, पण प्रयत्न प्रामाणिक'. आणि एका थोर समीक्षाग्रंथाखाली 'खुसखुशीत. तेल कमी लागते.' हा ग्रंथ तीन वर्षांत हलला नव्हता. त्या दिवशी दोन प्रती गेल्या.

पाचव्या दिवशी अण्णांनी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. मला वाईट वाटलं. मी म्हणालो, "अण्णा, कल्पना चांगली होती. चिठ्ठी ही आपल्याकडे चालत नाही, एवढंच."

"चालत नाही कसं? चिठ्ठ्या आमच्याकडे आधीपासून आहेत की," अण्णा म्हणाले आणि गल्ल्याच्या खालचा खण ओढला.

खणात तीसेक पुस्तकं उभी होती. प्रत्येकातून कागदाचं एक टोक बाहेर आलेलं. 'पोस्टातल्या बाई.' 'मिरजेचे डॉक्टर, पगारानंतर.' 'लाल स्वेटर, नाव विचारायचं राहिलं.' 'आजी, पुढच्या संकष्टीला.' लोकांनी सांगून ठेवलेली आणि अण्णांनी कुणाकुणाची आठवण होऊन आपणहून काढून ठेवलेली ही पुस्तकं.

"पुरात पहिला हाच खण वर नेला होता," मधेच पोरगा बोलला.

२०१९चा पूर सांगलीत कुणी विसरलेलं नाही. ते आठ-दहा दिवस गावात एकच प्रश्न होता, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. वीज नाही, बोळात कमरेएवढं पाणी आणि अण्णा नि पोरगा जिन्यानं घरमालकांकडे पुस्तकं वाहताहेत. असा माणूस आधी काय उचलेल? मी मनात यादी केली होती: 'ययाती', 'कोसला', जुन्या दुर्मीळ आवृत्त्या. पोरगा म्हणाला, "आधी हा खण. मग गाइडं. तिसऱ्या फेरीला पाणी छातीला लागलं, म्हणून 'मृत्युंजय' राहिलं खालीच."

"'मृत्युंजय' काय, पाणी उतरल्यावर परत मागवता येतं," अण्णा म्हणाले. "ह्यांना काय सांगणार होतो, तुमचं पुस्तक वाहून गेलं?"

बोलता बोलता त्यांनी खणाच्या अगदी मागून एक पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. दमटपणानं पानं थोडी फुगलेली. आतून पिवळी पडलेली चिठ्ठी डोकावत होती. अक्षर अण्णांचं, तारीख २०१७ची.

'बँकेतले साहेब. उद्या. उद्या नेणार.'

मला घाम फुटला. सांगून ठेवल्याचं आता अंधूक आठवलं. सुट्टे नव्हते, म्हणून 'उद्या नेतो' म्हणालो होतो.

"अण्णा," मी म्हणालो, "म्हणजे २०२१ साली लोक रांगेत उभे होते, तेव्हा ही प्रत—"

"होती की. ह्याच खणात."

"मग विकली का नाही?"

"नाव तुमचं होतं तीवर."

पंखा कुरकुरत राहिला. मग अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही तर त्या दिवशी वाचलीय म्हणालात. मी म्हटलं, असेल. दुसरीकडनं घेतली असेल."

चार वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी मला चहा पाजत होता आणि एका अक्षरानं बोलला नव्हता. मी घाईघाईनं पाकीट काढलं. सवयीनं तोंडातून गेलं, "दहा टक्के?"

"छापील किंमत," अण्णा म्हणाले. "आठ वर्षांचं भाडं सोडलं."

"आणि कशी आहे कादंबरी?"

अण्णांनी क्षणभर विचार केला.

"बरं आहे."

घरी आलो. बायकोनं पिशवीतून पुस्तक काढलं, त्याची फुगलेली पानं बघितली आणि विचारलं, "आता हे कधी वाचणार?"

मी पुस्तकाचं नाव तिच्यासमोर धरलं.